विजापूर : गोलघुमट दुसऱ्या दिवशी

लाँग वीकएंड आला की आपल्या ऑफिसातल्या लोकांची पाच-सहा गावं ठरलेली असतात. महाबळेश्वर, लोणावळा, अलिबाग, गोवा. थोडा उत्साह जास्त असेल तर हंपी. पुण्याहून गाडीने सोलापूरपर्यंत अडीचशे किलोमीटर आणि तिथून पुढे शंभर, एवढ्या अंतरावर दोनशे वर्षं राजधानी असलेलं एक अख्खं शहर उभं आहे, पण त्या यादीत त्याचं नाव मी कधी ऐकलं नाही. शाळेच्या सहलीत मात्र प्रत्येक जण जाऊन आलेला असतो! घुमटाखाली उभं राहून आरडाओरडा केला, बटाट्याची भाजी-पुरी खाल्ली, परत आलो. संपलं विजापूर.

यंदा घरच्यांना घेऊन जायचं मनात आहे, म्हणून प्लॅन कागदावर मांडतोय. मी स्वतः पूर्वी दोनदा जाऊन आलोय, त्यामुळे जागा माहितीच्या आहेत. प्रश्न क्रमाचा आणि माणसांचा आहे. टीममध्ये चार जण : मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि गुडघे दुखणारी आई. आईची पहिली प्रतिक्रिया अशी - "तिकडे काय बघायचंय रे? अफजलखानाचं गाव ते!" मुलीची प्रतिक्रिया बरोब्बर उलटी - "अफजलखानाचं घर दाखवणार?" म्हणजे दोघींच्या डोक्यातलं विजापूर एकाच माणसाचं. एक त्याच्यामुळे जाणार नाही म्हणते, दुसरी त्याच्यामुळेच यायला तयार आहे. :-)

ह्यात त्या दोघींचा दोष नाही. चौथीच्या पुस्तकातून विजापूर आपल्याला एवढंच भेटतं. दरबारात विडा उचलला जातो, खान निघतो, प्रतापगडाखाली संपतो. तारीख १० नोव्हेंबर १६५९. त्याच्या आधीची पावणेदोनशे वर्षं आणि नंतरची सत्तावीस वर्षं पुस्तकात नसतात. त्या नंतरच्या सत्तावीस वर्षांत एक गोष्ट अशी घडलीय की ती कळल्यावर आई बहुतेक बॅग भरायला घेईल. पण ती तिच्या जागी सांगतो.

आधी क्रमाचं बोलू. विजापूरला सगळे जण गोलघुमटापासून सुरुवात करतात, कारण तो रेल्वे स्टेशनच्या जवळ आहे आणि कुठूनही दिसतो. माझ्या मते ही चूक आहे. गोलघुमट म्हणजे गोष्टीचं शेवटून दुसरं प्रकरण. ते आधी वाचलं की बाकीचं सगळं लहान आणि पडकं वाटायला लागतं, मुलं दुपारपर्यंत कंटाळतात, आणि संध्याकाळी इब्राहिम रोज्यापाशी पोचेपर्यंत कुणाचं लक्ष नसतं. शहर ज्या क्रमाने वाढलं त्याच क्रमाने बघायचं. शनिवारी अली आणि इब्राहिम, रविवारी महंमद आणि दुसरा अली. पहिला दिवस चढाचा, दुसरा उताराचा.

थोडी पार्श्वभूमी, जितकी गाडीत इंदापूर ते टेंभुर्णी सांगता येईल तितकीच. बहामनी राज्य मोडलं आणि त्याचे पाच तुकडे झाले : अहमदनगरची निजामशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, वऱ्हाडची इमादशाही, बिदरची बरीदशाही आणि विजापूरची आदिलशाही. युसूफ आदिलखानाने १४९० च्या सुमारास विजापुरात आपला अंमल बसवला. १५१० मध्ये तो वारला आणि त्याच वर्षी पोर्तुगीजांनी गोवा घेतला, तो आदिलशाहीकडूनच. सुरुवातीची साठ-सत्तर वर्षं हे राज्य काही फार मोठं नव्हतं. शेजाऱ्यांशी मारामाऱ्या, दरबारात दख्खनी आणि परदेशी सरदारांच्या मारामाऱ्या.

ह्या काळातली एक गोष्ट मात्र आपल्या कामाची आहे. १५३४ मध्ये गादीवर आलेल्या पहिल्या इब्राहिमने राज्याचे हिशेब फारसीतून काढून देशी भाषेत आणले. फेरिश्ता हा इतिहासकार (तो पुढे विजापुरातच बसून लिहीत होता) त्या भाषेला 'हिंदवी' म्हणतो, आणि ह्या मुलखात त्याचा अर्थ प्रामुख्याने मराठी असा अभ्यासक घेतात. हिशेब लिहिणारे ब्राह्मण कारकून आले, देशमुख-देशपांडे होतेच. आदिलशाहीची फर्मानं बघितलीत तर कित्येकांवर वर फारसी आणि खाली मोडीत मराठी असा मामला दिसतो. म्हणजे ज्या सिस्टिमविरुद्ध पुढे स्वराज्य उभं राहिलं, तिचा अर्धा कोड आपल्याच लोकांनी, आपल्याच भाषेत लिहिलेला होता. जावळीच्या मोऱ्यांचा 'चंद्रराव' हा किताबसुद्धा विजापूरचाच. असो, पुढे जाऊ.

शनिवारी सकाळी पहिला मुक्काम : आर्किल्ला, म्हणजे शहराच्या मधोमध असलेला आतला किल्ला, आणि त्यातला गगन महाल. १५६१ च्या आसपास पहिल्या अली आदिलशाहाने बांधलेला. समोर तीन कमानी, मधली प्रचंड रुंद, दोन्ही बाजूंच्या अरुंद. खाली दरबार आणि वर राहण्याची जागा अशी रचना होती. आज वर बघितलं तर आकाशच दिसतं, म्हणजे नाव आता खऱ्या अर्थाने लागू पडतं. भिंतींत तुळयांची भोकं दिसतात, तुळया नाहीत. त्या कुठे गेल्या ते पुढे सांगतो, कारण तो आपल्याच घरचा विषय आहे.

इथेच दोन पावलांवर नरसोबाचं देऊळ आहे. दत्ताचं ठिकाण. सुलतानाच्या बालेकिल्ल्यात! परंपरा सांगते की दुसरा इब्राहिम आदिलशाह इथे दर्शनाला येत असे. आईसाठी हा स्टॉप पहिल्याच तासात ठेवलाय, ह्यात थोडं राजकारण आहे हे मान्य.

मग जामा मशीद. तिची गोष्ट तालिकोटच्या लढाईपासून सुरू होते. २३ जानेवारी १५६५ ला चार सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरच्या रामरायाला हरवलं आणि मारलं. पण त्याआधीची वर्षं बघा. हाच अली रामरायाचा मित्र होता. रामरायाचा मुलगा वारला तेव्हा हा स्वतः विजयनगरला सांत्वनाला गेला होता आणि त्याला तिथे मुलासारखं वागवलं गेलं, असं फेरिश्ता लिहितो. दोघांनी मिळून अहमदनगरवर स्वाऱ्या केल्या. मग वारं फिरलं. अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाची मुलगी अलीला दिली आणि हुंड्यात सोलापूरचा किल्ला. ती मुलगी म्हणजे चांदबिबी. ह्या सोयरिकीवर तालिकोटची युती उभी राहिली. तेव्हा 'हिंदू विरुद्ध मुसलमान' असा साधा हिशेब त्या काळात बसवायला गेलात तर दर पाच वर्षांनी टेबल बदलावं लागेल.

विजयनगर लुटलं गेलं आणि विजापूरचं नशीब उघडलं. राज्य दक्षिणेला पसरलं, पैसा आला, कारागीर आले. शहराभोवतीचा दहा किलोमीटरचा तट आणि त्यावरचे ९६ बुरूज, पाण्याची व्यवस्था, आणि ही मशीद, सगळं ह्याच अलीच्या काळातलं. मशीद कधीच पुरी झाली नाही, पुढचे दोन मिनार बांधायचे राहूनच गेले, पण आतल्या कमानींच्या रांगा बघून तसं वाटत नाही. जमिनीवर नमाजासाठी आखलेले सव्वादोन हजारांच्या आसपास चौकोन आहेत. हे चौकोन आखून घेतले औरंगजेबाने, शहर जिंकल्यावर. मुलीला मोजायला सांगायचं. वीस मिनिटं शांतता मिळेल आणि मोठ्यांना कमानी बघता येतील. (इथे रोजची नमाज होते. शुक्रवारी दुपारी जाऊ नये, डोकं झाकून जावं, एवढं पाळलं की झालं.)

पाण्याबद्दल दोन शब्द, कारण राजधानी आधी पाण्यावर चालते आणि मग सैन्यावर. विजापूर सपाट, कोरड्या माळावर आहे. मोठी नदी जवळ नाही. म्हणून पश्चिमेला तोरवीहून जमिनीखालच्या बोगद्यातून पाणी शहरात आणलं. शहरात मातीचे नळ, आणि नळांच्या वाटेवर जागोजागी दगडी उंच मनोरे. त्यांना 'गंज' म्हणतात. पाण्याचा दाब मध्येच मोकळा व्हावा, नळ फुटू नयेत आणि गाळ तळाशी बसावा म्हणून ते बांधलेले. रस्त्याच्या कडेला असा एखादा मनोरा एकटाच उभा दिसतो आणि लोक त्याला पडका बुरूज समजून पुढे जातात. मला हे गंज घुमटाइतकेच आवडतात. चांद बावडी १५७९ ची, चांदबिबीच्या नावाची. ताज बावडी १६२० ची, जास्त मोठी आणि देखणी. एकच बघायची असेल तर ताज बावडी बघा, ती इब्राहिम रोज्याच्या वाटेवरच पडते.

१५८० मध्ये अलीचा खून झाला आणि नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर बसला. कारभार चांदबिबीच्या हातात. दरबारातल्या किश्वरखानाने तिला कैद करून कुठे पाठवलं? साताऱ्याच्या किल्ल्यावर. अजिंक्यतारा चढताना मंगळाईच्या देवळाची आठवण सगळ्यांना असते, पण चांदबिबी इथे कैदेत होती हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. पुढे तिची सुटका झाली. नंतर ती माहेरी अहमदनगरला परतली, १५९५-९६ मध्ये तिने मुघल शाहजादा मुराद ह्याच्याविरुद्ध किल्ला लढवला, आणि १६०० मध्ये तिच्याच माणसांनी तिला मारलं. घरातल्या नऊ वर्षांच्या मेंबरला मी अफजलखानाऐवजी हिची गोष्ट सांगणार आहे. वय पण जुळतं, नऊ वर्षांचा सुलतान आणि त्याची काकू!

तर हा इब्राहिम मोठा झाला आणि विजापूरला जे काही वैभव आलं ते त्याच्या सत्तेचाळीस वर्षांत. संगीताचं वेड. स्वतः दख्खनीत गीतं रचली, त्यांचा संग्रह 'किताब-ए-नवरस'. त्यात सरस्वती आणि गणपती ह्यांचं स्तवन आहे, पैगंबराचं आहे, गुलबर्ग्याच्या गेसूदराज बंदेनवाजांचं आहे, आणि स्वतःच्या हत्तीचं आणि तंबोऱ्याचंही आहे. तंबोऱ्याला नाव होतं 'मोतीखान'. लोक सुलतानाला 'जगद्गुरू' म्हणत. १५९९ मध्ये त्याने विजापूरच्या पश्चिमेला 'नवरसपूर' नावाचं नवं शहर वसवायला घेतलं, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं शहर. १६२४ मध्ये मलिक अंबरने ते लुटलं-जाळलं. आज शेतांत काही अवशेष उभे आहेत.

संध्याकाळचा वेळ राखून ठेवायचा तो त्याच्या कबरीसाठी, इब्राहिम रोज्यासाठी. तटाच्या बाहेर पश्चिमेला. एका चौथऱ्यावर समोरासमोर दोन इमारती, एक कबर आणि एक मशीद, मध्ये कारंज्याचा हौद. १६२६-२७ मध्ये काम पुरं झालं. बांधली होती राणी ताज सुलतानासाठी, पण इब्राहिमच आधी गेला. गाइड हमखास सांगतो की ताजमहाल ह्यावरून सुचला. त्याच्याशी वाद घालू नका, आणि ते घरी येऊन कुणाला सांगूही नका. इमारतीला त्या आधाराची गरज नाही. खिडक्यांकडे बघा : दगडात अक्षरं कोरून त्यांच्यामधली जागा आरपार केलेली आहे, म्हणजे उजेड आत येतो तो मजकुरातून. छज्जाखालचे दगडी हस्त, दगडातच घडवलेल्या साखळ्या, मधल्या दालनाचं सपाट दगडी छत. घुमट इथे बारीकसा आहे, कमळाच्या पाकळ्यांत ठेवल्यासारखा. मावळतीच्या उन्हात दगड तांबूस होतो. इथे तासभर नुसतं बसायचं, कसलीही घाई न करता.

परत येताना तटावर मुलूख मैदान तोफ. आता हा पॉइंट मुलांचा, ह्यात शंका नाही. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, ओतणारा महंमद बिन हसन रूमी, म्हणजे तुर्कस्तानकडचा. वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी जबडा उघडलेलं श्वापद आणि त्याच्या दातांत हत्ती. मोठा माणूस आत बसू शकेल एवढं तोंड, पण आता बसू देत नाहीत. तालिकोटला ही तोफ होती असं सांगतात. परांड्याच्या किल्ल्यात पडून होती, ती १६३२ मध्ये विजापूरला ओढत आणली मुरार जगदेवाने.

हा मुरार जगदेव कोण? हाच तो सरदार ज्याच्या काळात १६३० च्या सुमारास पुणं जाळून, गाढवाचा नांगर फिरवून ओसाड केलं. शहाजीराजांच्या जहागिरीला धडा शिकवायला. आणि हा विजापूरचा हुकूम अमलात आणणारा माणूस ब्राह्मण होता. पुढे सहा वर्षांत चित्र असं बदललं की निजामशाही बुडाली, १६३६ च्या तहाने तिचा मुलूख मुघल आणि विजापूर ह्यांनी वाटून घेतला, शहाजीराजे विजापूरच्या नोकरीत आले आणि तीच पुण्याची जहागीर विजापूरने त्यांच्याकडे ठेवली. जिजाऊसाहेब आणि बाल शिवाजी पुण्यात आले तेव्हा लालमहालापासून कसब्यापर्यंत सगळं विजापूरच्या दप्तरी नोंदलेलं होतं. आपण कोथरूडमध्ये बसून विजापूरला 'तिकडे' म्हणतो, तेव्हा हे एवढं लक्षात असावं.

तोफेची पुढची गंमत. १८५४ मध्ये इंग्रजांनी ती भंगार म्हणून लिलावाला काढली. बोली लागली १५० रुपये. नंतर कुणाला तरी सुबुद्धी झाली आणि लिलाव रद्द झाला. जवळच उपली बुरूज आहे, १५८४ चा, बाहेरून गोल वळत जाणारा दगडी जिना. वर गेलं की सगळं शहर दिसतं. आईने खाली चहा घ्यावा. पहिला दिवस इथे संपवायचा, आणि रात्री एखाद्या खाणावळीत ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी आणि दही. 'मल्टिकुझिन' अशी पाटी असेल तिथे जाऊ नका, एवढंच सांगेन.

रविवारी सकाळी लवकर, सहलीच्या बसेस यायच्या आधी, गोलघुमट. घुमटाच्या गॅलरीत कुजबूज पलीकडच्या भिंतीशी ऐकू येते, टाळी पुन्हा पुन्हा फिरून येते, पण तीनशे मुलं ओरडत असतील तर ह्यातलं काहीही कळत नाही. सकाळी एकाने भिंतीला तोंड लावून हळूच बोलायचं, दुसऱ्याने समोर अडतीस मीटरवर कान लावायचा. बस्स. चढायला कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून शंभराहून जास्त उंच, अरुंद पायऱ्या आहेत. गुडघेवाल्यांनी समोरच्या नगारखान्यातलं संग्रहालय बघावं. ते चांगलं आहे आणि तिथे बसायला मिळतं.

इंजिनिअर मंडळींनी एक गोष्ट आवर्जून बघावी. खाली चौकोनी खोली, प्रत्येक बाजू बाहेरून सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस मीटर, मध्ये एकही खांब नाही, आणि वर गोल घुमट. चौकोनावर गोल कसा बसवायचा? त्यांनी दोन चौकोन एकमेकांवर तिरके ठेवल्यासारख्या आठ कमानी एकमेकींना छेदत नेल्या. त्या छेदांमधून एक वर्तुळाकार पट्टा आतल्या बाजूला पुढे येतो आणि त्यावर घुमट उभा. पुढे आलेल्या त्या पट्ट्याचं वजन आतल्या बाजूला ओढतं आणि घुमटाचा बाहेरचा रेटा तोलून धरतं. खालून वर बघत कमानी बोटाने मोजा, रचना उलगडत जाते. साडेतीनशेहून अधिक वर्षं झाली, कोड प्रॉडक्शनमध्ये आहे.

बांधणारा महंमद आदिलशाह, १६२७ ते १६५६. जवळजवळ सगळी कारकीर्द तो स्वतःची कबर बांधत होता. आणि त्या काळात राज्य कागदावर सर्वांत मोठं होतं, कर्नाटकात खोलवर गेलेलं. ते मुलूख जिंकून देणाऱ्या सरदारांत शहाजीराजे होते. त्यांनाच १६४८ मध्ये जिंजीजवळ कैद केलं आणि १६४९ मध्ये कोंढाणा परत घेऊन सोडलं. महंमद १६५६ च्या नोव्हेंबरात वारला आणि ह्या घुमटाखाली पुरला गेला. गिलाव्याचं काम अजून बाकी होतं. त्याच वर्षीच्या जानेवारीत, इथून अडीचशे-तीनशे किलोमीटरवर, शिवाजी महाराजांनी जावळी घेतली होती. घुमटाखाली उभं राहून ह्या दोन तारखा शेजारी ठेवून बघा.

तिथून बारा कमान. दुसऱ्या अली आदिलशाहाची कबर. बापापेक्षा मोठी बांधायला घेतली होती म्हणतात. काळ्या दगडाच्या उंच कमानी, वर छत नाही, मध्ये गवत. १६७२ मध्ये तो वारला, काम थांबलं. ह्याच अलीच्या काळात, त्याच्या आईच्या, बडी बेगमेच्या कारभारात, अफजलखान निघाला होता. खानाच्या बायकांची थडगी म्हणून 'साठ कबर' नावाची जागा शहराबाहेर दाखवतात, जाण्याआधी त्याने सगळ्यांना मारलं अशी आख्यायिका आहे. आख्यायिकाच ती. मुलं बरोबर असताना मी तिथे जाणार नाही.

आणि आता ती आईला सांगायची गोष्ट. दुसरा अली गेल्यावर गादीवर चार वर्षांचा सिकंदर आला. कारभारी सरदार आपसांत लढत होते. १६७९ मध्ये मुघलांचा दिलेरखान विजापूर घ्यायला चालून आला. कारभारी होता सिद्दी मसूद. त्याने मदतीसाठी पत्र कुणाला लिहिलं असेल? शिवाजी महाराजांना. अफजलखानाला वीस वर्षं झाली होती. आणि महाराजांनी मदत केली. फौज पाठवली, रसद पाठवली, आणि स्वतः मुघली मुलखात घुसून जालना लुटलं, जेणेकरून दिलेरखानाचं लक्ष विचलित व्हावं. विजापूर वाचलं. त्या वेळी संभाजीराजे बापावर रुसून दिलेरखानाच्याच छावणीत होते. तिथून निसटले ते आधी विजापुरात आले, मसूदाच्या आसऱ्याला, आणि मग पन्हाळ्याला गेले. म्हणजे १६७९ च्या शेवटी मराठ्यांच्या युवराजाला सुरक्षित वाटलेलं गाव होतं विजापूर!

ह्यात भाबडेपणा नव्हता. विजापूर पडलं की मुघल थेट आपल्या दारात, हे महाराजांना स्वच्छ दिसत होतं. आणि झालंही तसंच. एप्रिल १६८५ मध्ये मुघलांनी वेढा घातला, १२ सप्टेंबर १६८६ ला अठरा वर्षांच्या सिकंदरने शरणागती दिली. गाइड त्याला गगन महालात चांदीच्या बेड्या घालून आणल्याचं सांगतो. मुघल वृत्तांतात मात्र तो शहराबाहेर रसूलपूरच्या छावणीत बादशहासमोर गेला. पुढच्या वर्षी गोवळकोंडा, १६८९ मध्ये संभाजी महाराज. सिकंदर १७०० मध्ये कैदेतच मेला. शहरात १६८८ मध्ये प्लेग आला, त्यात औरंगजेबाची एक बेगमही गेली, आणि राजधानी ओस पडत गेली.

राहिल्या त्या गगन महालाच्या तुळया. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाने विजापूर पेशव्यांना दिलं. ज्या दरबारात शहाजीराजे उभे राहिले, तो आता आपला झाला. आणि आपण काय केलं? पेशवाईत, आणि १८१८ नंतर साताऱ्याच्या गादीच्या अमलात, इथल्या महालांचं लाकूडकाम उतरवून नेलं, असं इंग्रजांच्या काळातल्या नोंदी सांगतात. दारं, तुळया, चौकटी. हेतू वाईट होता असं नाही, लाकूड महाग असतं आणि पडक्या वाड्यातलं फुकट. पण विजापूरचे महाल कुणी पाडले ह्याचं उत्तर फक्त 'औरंगजेब' असं नाही, हे त्या रिकाम्या भोकांकडे बघून मुलीला सांगावं लागेल. १८४८ मध्ये सातारा खालसा झालं, १८८० च्या दशकात इंग्रजांनी कलादगीहून जिल्ह्याचं ठाणं इथे हलवलं आणि जुन्या इमारतींत सरकारी कचेऱ्या थाटल्या. हेन्री कझिन्सचं १९१६ चं जाडजूड पुस्तक ह्या इमारतींवर आहे. पुढे १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. २०१४ पासून अधिकृत नाव विजयपुरा. नकाशात शोधताना तेच टाका.

काही फुटकळ सूचना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जावं, एप्रिल-मेमध्ये दगड इतका तापतो की अनवाणी चालवत नाही, आणि कबरी-मशिदींत चपला काढाव्याच लागतात. मोजे बरोबर ठेवा. रेल्वेने सोलापूरहून गदगच्या लाइनीवर यावं, स्टेशनवरून गावात रिक्षा मिळते. गोलघुमट ते इब्राहिम रोजा पूर्व-पश्चिम पाचेक किलोमीटर आहे, त्यामुळे लहान मुलं आणि वयस्कर माणसं असतील तर दिवसभराची रिक्षा ठरवून टाका आणि क्रम आधीच सांगा, नाहीतर रिक्षावाला पहिल्यांदा गोलघुमटालाच नेणार.

रविवारी अकरापर्यंत निघालात तर परतीला सोलापूरचा भुईकोट बघून होतो, चांदबिबीच्या हुंड्यातला. आणि मुलं तोफेवर फारच खूष असतील तर बार्शीच्या बाजूने परांडा गाठा. तिथल्या किल्ल्यात आणखी तोफा आहेत, बुरुजांवर तशाच पडलेल्या. गर्दी नसते, तिकिटाची रांग नसते, फक्त जेवणाचा डबा बरोबर हवा.